चादर कापण्याचा मान

पापाटोएटो,
६ मार्च २००५

चि. शकुस अक्काचे अनेक आशीर्वाद.

शिरीषरावांची साखर आटोक्यात आहे का? सकाळचं फिरणं सोडलं असेल तर माझ्या नावानं एकदा दरडाव. तुझ्या सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, की अजून पिकायची वाट बघताय? तुझे गुडघे कसे आहेत? तेल जिरवतेस की नुसती बाटली कपाटात उभी? आणि कांचनला आता सहावा ना? पाय सुजतात का, आंबट मागते की गोड, झोप लागते का, हे सगळं मला तिच्या आईकडून कळायला हवं. पण तिची आई माझ्याशी बोलत नाही, म्हणून भिंतीला विचारावं तसं विचारते आहे.

इकडे सगळे बरे. सुयश सकाळच्या ट्रेननं ऑकलंडला कंपनीत जातो तो दिवेलागणीला उगवतो. निवेदिता मनुरेव्याला एका दवाखान्यात फोन घेण्याचं काम करते. आरव सहा वर्षांचा झाला. मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो, आणि दोघांचंही बरं चाललंय. माझी तब्येत विचारशील, विचारत नाहीस पण विचारशील तर, ठणठणीत आहे. फक्त डोकं फिरलंय.

हे तिसरं पत्र. पोचलं नाही म्हणू नकोस, इथलं पोस्ट चोख आहे आणि सांगलीचा पोस्टमन तुमच्याकडे चहा पितो. मागच्या महिन्यात शिरीषरावांचा फोन आला. कांचनचं बाळंतपण जूनमध्ये, बारसं सव्वा महिन्यानं थाटात करायचं, अक्का, तुम्ही यायलाच हवं, असं म्हणाले. मागून तुझा आवाज येत होता, कुणाला तरी दूध उतू जातंय म्हणून सांगत होतीस. फोनवर मात्र आली नाहीस. तेव्हापासून सुयश विचारतो, आई, तिकीट काढू का? मी म्हणते, थांब. कशासाठी थांब ते त्याला कळत नाही. तुला कळतं.

असो. शेजारच्या माहीनचं लिहिते. मागच्या पत्रात लिहिलं होतं, पण तू न वाचताच ठेवलं असशील तर पुन्हा वाच. ही बाई इराणची, माझ्याहून बरीच लहान, लेकीबरोबर राहते. आमची ओळख वाऱ्यानं करून दिली. इथला वारा दोरीवर काही टिकू देत नाही. तिच्या दोरीवरची फुलाफुलांची पातळ चादर कुंपण ओलांडून आमच्या फिजोआच्या, म्हणजे इथल्या पेरूसारख्या फळाच्या, झाडावर येऊन पडली. मी घडी घालायला गेले तर कोपरे जुळेनात. उलगडली तर अर्धगोल. म्हटलं, यांचे पलंग गोल असतात की काय. नेऊन दिली तेव्हा ती हसली, आणि तीच चादर डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली मुठीत धरून उभी राहिली. टाचेपर्यंत सगळी झाकली, उरलं फक्त तोंड. दारात कुणी आलं की पटकन अंगावर घ्यायची ही एक, आणि नमाजाची निराळी. नमाजाची पांढरट, बारीक फुलांची. ती स्वयंपाकघरात न्यायची नाही, बाहेर घालायची नाही, बासनात बांधून ठेवायची. हे सांगताना तिची इंग्रजीत ओढाताण चालली होती, पण मला पहिल्या वाक्यातच कळलं. आपली आई सोवळ्याचं पातळ खुंटीवर ठेवून आपल्याला लांबूनच हाकलायची, ते काय वेगळं होतं?

आता तिच्या लेकीचं लग्न ठरलंय. सेपिदे नाव. पापाकुऱ्याला औषधांच्या दुकानात कामाला आहे, जीन्स घालते, गाडी भरधाव चालवते, पण आईच्या शब्दाबाहेर नाही. तिच्यासाठी तीन चादरी शिवायच्या आहेत. एक पांढरी, लग्नात बसताना डोक्यावर घ्यायची, एक नमाजाची आणि एक घरातली. कापड माहीनच्या बहिणीनं इराणहून पाठवलंय. आमच्या गॅरेजमधून मशीनचा आवाज येतो तो तिनं ऐकला होता, म्हणून कापड छातीशी धरून आली.

मी हो म्हणाले. सुयशला कळल्यावर त्याचं तोंड एवढंसं झालं. म्हणाला, आई, इथे येऊनही तू लोकांचे कपडे शिवणार? लोक काय म्हणतील? मी म्हटलं, बाबा, इथे लोक आहेतच कुठे? सकाळी खिडकीतून बघावं तर एक मांजर जातं.

पत्र लिही. दोन ओळी लिही.

अक्का


पापाटोएटो,
२४ मार्च २००५

चि. शकुस आशीर्वाद.

पत्र नाही. बरं. मीच लिहिते.

शिवणात माझा हात धरणारी कऱ्हाडात कुणी नव्हती, हे तू पण म्हणायचीस. मी शिकले कशी, तर जुनी ब्लाउजं उसवून. शाळा चौथीत सुटली, पण उसवलेला तुकडा कधी खोटं बोलत नाही. ही चादर बघून वाटलं, हिला ना गळा, ना बाही, ना काखेची चिमटी. दोन पन्ने जोडायचे, गोल कापायचं, कड दुमडायची, झालं. शकु, सोपं दिसतं तेच दात पाडतं.

आधी निवेदिताची एक जुनी पलंगपोस घेऊन करून पाहिली. टेप लावला, खडूनं गोल आखला, कापली. डोक्यावर घेतली तर पुढून आखूड, मागून लोळते. आरव दारात उभा होता. म्हणाला, "आजी, यू लुक लाइक अ घोस्ट." आणि पळाला. दुसऱ्यांदा कापली, तर बाजू वर चढल्या. सगळी दुपार गेली. वर हे असलं उघडंबोडकं वस्त्र माझ्या डोळ्यांना सोसेना. ना हूक, ना नाडी, बाईनं एक हात जन्मभर हनुवटीशी धरून ठेवायचा की काय? आपण पदर दातात धरतो, पण निदान कासोटा तरी खोचलेला असतो. म्हणून मी कपाळाशी आतून इलॅस्टिक घातलं, मोठी अक्कल चालवल्याच्या तोऱ्यात माहीनला दाखवायला नेली.

तिनं इलॅस्टिक ओढून बघितलं, माझ्या गालाला हात लावला आणि लेकीला काहीतरी सांगितलं. सेपिदे हसत म्हणाली की असं इलॅस्टिक पहिलीच्या पोरींच्या चादरीला असतं, घसरू नये म्हणून. मोठ्या बाईनं ती हातानंच सावरायची. आणि टेपनं ती कापतच नाहीत. जिची चादर, तिला उभी करायची, कापड डोक्यावर टाकायचं, आणि दुसरीनं गुडघ्यांवर बसून जमिनीच्या कडेनं कापत तिच्याभोवती फिरायचं. हे आधी सांगायला काय झालं होतं? एक पलंगपोस फुकट गेली, निवेदिता अजून शोधते आहे.

पण खरी गंमत पुढे. गंमत म्हणजे काय, डोक्याला ताप.

त्यांचा नवीन वर्षाचा सण परवा झाला, पण सध्या त्यांचे दुखवट्याचे महिने चालू आहेत, म्हणून गोडधोड बेतानंच. माहीन आणि सेपिदे भिजवलेल्या गव्हाच्या हिरव्या अंकुरांची ताटली घेऊन आल्या. बसल्या. निवेदिता चहा ठेवायला आत गेली. तेव्हा सेपिदे सांगायला लागली. लग्नाची चादर अशी कुणीही, केव्हाही कापत नाहीत. बायका जमतात, साखर उधळतात, आणि पहिली कैची चालवायची ती पांढऱ्या नशिबाच्या बाईनं. आपल्याकडे पांढरं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. त्यांच्यात उलटं. पांढऱ्या नशिबाची म्हणजे जिचा नवरा जिवंत, संसार भरलेला ती. आपली सवाष्णच म्हण. माहीनच्या सगळ्या बहिणी, जावा तिकडे. इथे तिचं कुणी नाही. म्हणून तिची इच्छा की पहिली कैची मी चालवावी.

माझ्या हातात अंकुरांची ताटली तशीच राहिली. माहीन उठली, भिंतीवरच्या ह्यांच्या फोटोपाशी गेली, चंदनाच्या हारावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "व्हेरी गुड मॅन. इंडिया? वर्क?"

तिला काय माहीत, आपल्यात फोटोला हार कधी चढतो. तिच्यात हार म्हणजे मान, कौतुक. मी टिकली लावते, बांगड्या घालते, पण त्याचा अर्थ तिला ठाऊक असण्याचं कारण नाही. हार बघून तिनं ठरवलं की घरच्यांनी कर्त्या माणसाला केवढं जपलंय.

आणि मी मान हलवली. का हलवली? माझ्या मानेला विचार. इतक्या वर्षांत असलं काही करायला मला पहिल्यांदाच कुणीतरी बोलावत होतं. निवेदिता चहा घेऊन येईपर्यंत सगळं ठरूनही गेलं होतं.

तुझे गुडघे कळव.

अक्का


पापाटोएटो,
९ एप्रिल २००५, पाडवा

चि. शकु,

पाडव्याच्या दिवशी कडू बोलू नये म्हणतात. पण कडुलिंबही पाडव्यालाच खातात, तेव्हा बोलते.

इथे गुढीला वेळू मिळत नाही. सुयशनं पडद्याची दांडी काढून दिली, निवेदिताच्या साडीचा काठ लावला, वर तांब्या पालथा घातला. रस्त्यापलीकडच्या डेअरीवाल्या गुजरात्यानं हात जोडले, बाकी रस्त्यानं विचारलं की कपडे वाळत घातलेत का. चाललंय.

दोन आठवडे मी नीट जेवले नाही. माहीन कुंपणावरून रोज काहीतरी देते. मी तिला फिजोआच्या पिशव्या देते, झाडाखाली सडा पडलाय, खाणार तरी किती. ती माझा हात धरून म्हणते, सॅटरडे, सॅटरडे, म्हणजे तिसाव्या तारखेचं लग्न. मी हसते, आणि घरात येऊन भांडी आपटते.

निवेदिताला सांगितलं. ती म्हणाली, आई, कशाला बोलताय? कुणाला कळणार आहे? त्यांना आनंद, तुम्हाला आनंद. सुयशला सांगितलं. तो म्हणाला, असल्या खुळचट चालीरीती तुम्ही बायकाच जिवंत ठेवता, सरळ सांगून टाक आणि सोडून दे. एक म्हणते झाक, दुसरा म्हणतो फेक. मला काय वाटतं हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. चांगली आहेत दोघं, पण सुट्या पैशासारखा सल्ला देतात, खिशात हात घातला की निघाला.

मला काय वाटतं ते तुला सांगते, कारण ते तुझ्याचमुळे वाटतं.

खोटं बोलून मी त्या पोरीच्या कापडाला कैची लावली आणि उद्या तिच्या संसारात काही दुखलं-खुपलं, तर मी म्हणेन, माझ्यामुळे. मानत नाही म्हणते, तरी म्हणेन. आणि खरं सांगितलं, तर माहीन गोड आवाजात मला बाजूला करेल. तो गोड आवाज मी ओळखते. कांचनच्या लग्नात ऐकलाय.

आजपर्यंत लिहिलं नाही. कांचनच्या शालूवरचं ब्लाउज मी शिवलं. रुखवतातल्या भावल्यांची लुगडी मी शिवली. तुझ्या विहिणीचं ब्लाउज आयत्या वेळी उसवलं तर ते अंगावरच टाचून दिलं. घाण्याला बायका बसल्या, मुसळाला आंब्याची पानं बांधली, सगळ्यांबरोबर मीही पदर खोचून पुढे झाले. आणि तू माझ्या कोपराला हात लावून म्हणालीस, "अक्का, तू आत बुंदीकडे बघतेस का जरा?"

बुंदीकडे आचारी होते, शकु. तीन होते. त्यांना बघायला चौथी कशाला?

तुझ्या सासूबाईंनी डोळ्यांनी खुणावलं असणार, हे मी समजून आहे. पण बोललीस तू. मी आत गेले, कढईकडे बघत उभी राहिले, आणि बाहेरच्या ओव्या ऐकल्या. त्यातल्या निम्म्या मीच तुला शिकवल्या आहेत. संध्याकाळची गाडी पकडून निघून गेले ते त्यामुळे, पोट बिघडलं म्हणून नव्हे. आहेराची साडी परत पाठवली तीही त्यामुळेच, रंग आवडला नाही म्हणून नव्हे.

आता बारसं म्हणतेस. म्हणजे तू कुठे म्हणतेस, शिरीषराव म्हणतात. बारशाला मी काय करायचं? पाळण्याशी उभं राहायचं, की पुन्हा आत काहीतरी बघायला जायचं? हे कळल्याशिवाय मी सुयशला तिकीट काढ म्हणणार नाही. बाकी सगळी बोलणी त्यानंतर.

अक्का


पापाटोएटो,
१३ एप्रिल २००५

शकु,

सांगून टाकलं.

काल दुपारी माहीन एकटीच होती. तिला हाताला धरून आमच्या हॉलमध्ये आणलं. फोटोकडे बोट दाखवलं, मग आकाशाकडे, मग हार काढून हातात घेतला, आणि म्हटलं, "डेड. फ्लॉवर मीन्स डेड." तिचा चेहरा आधी कोरा, मग उतरला. सोफ्यावर बसली. मी वाट बघत होते, गोड आवाज कधी येतो त्याची.

तर तिनं ब्लाउजमधून, नाही, तिच्या अंगातल्या कोटाच्या आतल्या खिशातून एक छोटा फोटो काढला. मिशीवाला, लष्करी कपड्यांतला, आपल्या सुयशहून लहान. त्यांच्या लढाईत गेला. सेपिदे पोटात होती. मी इतके दिवस समजत होते की नवरा हिला सोडून गेला असेल, म्हणून ती विषय काढत नाही.

छातीवर हात ठेवून ती म्हणाली, "यू. मी. सेम."

म्हणजे कळलं का तुला? स्वतःच्या लेकीची चादर कापायचा मान तिलाच नाही. पोटात वाढवली तिनं, परक्या मुलखात आणली तिनं, आणि कैची धरायला ती चालत नाही. म्हणून तिनं मला धरलं, आणि धरली ती पण तसलीच निघाली. दोघी हसलो आधी. मग नाही हसलो.

आता नवऱ्या मुलाची आई येते आहे शिराजहून, फखरी खानम. ती पांढऱ्या नशिबाची. पहिली कैची ती चालवणार. मी फक्त शिवायचं.

रात्रभर नुसता संताप. कऱ्हाडातून निघून पृथ्वीच्या पार टोकाला आले, पुढे बर्फच आहे म्हणतात, आणि नियम माझ्या आधी येऊन बसलाय.

अक्का


पापाटोएटो,
२५ एप्रिल २००५

चि. शकुस अनेक आशीर्वाद.

आज इथे सैनिकांच्या स्मरणाची सुट्टी, म्हणून सगळे घरात. सुयश आरवला घेऊन पहाटेच संचलन बघायला गेला होता, दोघांच्या कोटाला लाल कागदी फूल आहे. मला निवांत गॅरेज मिळालं.

शिरीषरावांचा शनिवारी फोन आला होता, तुला न सांगता केला असावा. म्हणाले, शकु तुमची पत्रं वाचते, उशीखाली ठेवते, उत्तर लिहायला बसते आणि उठते. पाडव्याचं पत्र आल्यापासून सासूबाईंशी चढ्या आवाजात बोलते. मी म्हटलं, मला न लिहिलेल्या उत्तराचं काय करू, लोणचं घालू? पण फोन ठेवल्यावर जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता चादरीचं ऐक.

गुरुवारी दुपारी माहीन आणि सेपिदे गॅरेजमध्ये आल्या. फखरी खानम अजून उतरायच्या होत्या, त्यांचं विमान शुक्रवारी होतं. मला नमाजाची आणि घरातली अशा दोन चादरी कापून घ्यायच्या होत्या, त्यांना मानपान नाही. जमिनीवर पलंगावरची धुतलेली चादर अंथरली, सेपिदेनं जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, बाहेर काढून ठेवल्या आणि मध्ये उभी राहिली. दोन्ही मी कापल्या. अंगावर कापलं की खरंच गोल येतं, त्या म्हणत होत्या तेच खरं.

मग पोरीनं पिशवीतून तिसरं कापड काढलं. पांढऱ्यावर पांढरी वेल, उजेडात धरलं की दिसणारी. स्वतःच डोक्यावर घेतलं आणि आईला काहीतरी म्हणाली. माहीन मान हलवत मागे सरकली. दोघींची जुंपली. मला अक्षर कळेना, पण आई-लेकीचं भांडण कुठल्याही भाषेत सारखंच, कळतं सगळं. शेवटी सेपिदे माझ्याकडे वळली आणि सावकाश इंग्रजीत, मला समजेल असं म्हणाली, "आंटी, कापेल तर माझी मम्मी कापेल. नाहीतर मी जीन्स घालून लग्नाला बसेन."

कापडाची कैची मी कुणाच्या हातात देत नाही. तू एकदा वह्यांना कव्हरं घालायला घेतलीस तर दोन दिवस बोलले नव्हते. निवेदितालाही कधी दिली नाही. ती मी माहीनच्या हातात ठेवली.

मी समोर गुडघ्यांवर बसून कापड ताणून धरलं, ती माझ्या बोटांच्या मागे मागे कापत आली. मी सरकायची, ती सरकायची. माझे गुडघे कटकट वाजत होते, तिचे पण. कोपऱ्याला ती चुकायला लागली तर मी तिच्या मनगटाला धरून वळवलं. मध्ये सेपिदे उभी, सरळ, समईसारखी, दोन्ही हातांनी कपाळाशी चादर धरून. कुणी ओव्या म्हटल्या नाहीत. बाहेरून ट्रेन गेली तेवढाच आवाज.

मागच्या बाजूला टाचेशी वीतभर कड मी मुद्दाम ठेवली. त्या बाईला कापायला काहीतरी हवं.

काल त्यांचा समारंभ झाला. पाच-सहा इराणी बायका कुठून कुठून आल्या होत्या. फखरी खानम म्हणजे भरलेली बाई, सोन्याचा दात, हसली की खोली हसते. आल्या आल्या मला मिठी मारून दोन्ही गालांचे मुके घेतले, मी शिवणार म्हणून माझ्या डोळ्यांना हात लावून आपल्या डोळ्यांना लावले. वाईट नाही ग ती. हाच तर वैताग आहे. वाईट असती तर रागवायला किती सोपं गेलं असतं. तिनं कैची उचलली, तिची, माझी नव्हे, ती राखलेली कड कापली, बायकांनी जिभा फिरवून आवाज काढले, साखरेचे दाणे उधळले, आरवनं खिसे भरले. माहीन आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, तिच्या हातात केशरी भाताची खीर, माझ्या हातात वाट्या. सेपिदेनं चादरीतून आमच्याकडे बघितलं आणि एक डोळा मिटला.

सगळ्यांना वाटलं, चादर फखरी खानमनं कापली. माहीन रात्री कुंपणापाशी आली होती, तिचं समाधान चेहऱ्यावर मावत नव्हतं. माझं मात्र झालं नाही. शिवताना सकाळपासून बघते आहे, गोल सुरेख आलाय, कुठे चढ नाही की उतार नाही. आईनं लेकीची चादर इतकी सुंदर कापली आणि ती गॅरेजचं दार लावून, चोरासारखी. हे शनिवारी लग्नात कुणाला कळणार नाही. चोरून मिळालेला मान घरात चोरूनच ठेवावा लागतो, लेवून मिरवता येत नाही. माहीनला तेवढं पुरलं. तिची लेक लग्नानंतर लांब जायची आहे, तिनं पदरात पडलं ते घेतलं. मला पुरत नाही. मी म्हातारी झाले तशी हावरट झाले म्हण.

म्हणून आता साफ लिहिते. बारशाला मला यायचंय. कांचनच्या बाळासाठी कुंची शिवायला मऊ कापडही पापाटोएटोच्या बाजारातून बघून ठेवलंय, पण घेतलेलं नाही. आले तर पाळण्याशी उभी राहणार. बाळ पाळण्याखालून देताना-घेताना एक हात माझा असणार, आणि कानात नाव सांगायला कांचनच्या नणंदेनंतर मी वाकणार. तुझ्या सासूबाई समोर बसलेल्या असताना, दिवसा, सगळ्या सांगलीसमोर. पाहुण्या उठून गेल्यावर, तू घे ग आता, असं मला नको आहे. कुणी कोपराला हात लावला तर मी हलणार नाही, आणि तो हात तुझा नसावा एवढंच मागणं आहे.

हे तुला जमणार नसेल तरी मी समजून घेईन असं लिहिणार होते. दोनदा लिहिलं आणि खोडलं. समजून घेणार नाही.

सुयशला मेच्या अखेरीस तिकिटाचं सांगायचंय. शिरीषरावांना फोन करायला लावू नकोस, कांचनकडून निरोप धाडू नकोस. तुझ्या हातानं, तुझ्या वाकड्या अक्षरात, हो किंवा नाही, एवढंच एका कार्डावर लिही. बसलीस की उठू नकोस. लिहून होईपर्यंत बस, आणि त्याच दिवशी पेटीत टाक.

तुझी अक्का